जज श्री श्रीनिवासन: चंदीगडचा जन्म, कॅन्ससचं बालपण आणि अमेरिकेतलं अपील कोर्ट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्यातरी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतो, "भारतीय माणूस अमेरिकेचा सरन्यायाधीश", आणि मग मला मेसेज यायला लागतात, हे खरं का, हे कोण, आमच्या मुलीला असं होता येईल का. मी स्वतः अपिलांची कामं करतो त्यामुळे या माणसाचे निकाल बरीच वर्षं वाचतोय आणि मनापासून आवडीने वाचतोय. तेच ते प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली. नंबर दिलेत, जिथे विषय दुसरीकडे येऊन गेलाय तिथे नंबर सांगितलाय.

१. हे श्री श्रीनिवासन नक्की कोण? अमेरिकेचे सरन्यायाधीश आहेत का?

नाही, फॉरवर्ड चुकीचा आहे. अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स आहेत, २००५ पासून. श्रीनिवासन हे वॉशिंग्टन डीसीमधल्या फेडरल अपील कोर्टाचे जज, २०१३ पासून, आणि १२ फेब्रुवारी २०२० पासून त्याच कोर्टाचे चीफ जज. चीफ जज आणि चीफ जस्टिस ही दोन वेगळी पदं, गोंधळ तिथेच होतो. पण सरन्यायाधीश नाहीत म्हणून "मग काय विशेष" असं म्हणू नका, हे कोर्ट किती वजनाचं आहे ते प्रश्न ४ मध्ये लिहिलंय.

२. ते तमिळ की पंजाबी? जन्म चंदीगडचा वाचला, आडनाव तर दक्षिणेतलं आहे.

तमिळ. पूर्ण नाव पद्मनाभन श्रीकांत श्रीनिवासन, "श्री" हे श्रीकांतचं छोटं रूप, म्हणजे आपल्याकडे नावाआधी लावतात तो श्री नव्हे, हे बऱ्याच जणांना कळतच नाही. वडिलांचं मूळ गाव तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ. जन्म २३ फेब्रुवारी १९६७, चंदीगड. वडील गणिताचे प्रोफेसर, आणि ते युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्ससमध्ये शिकवायला गेले म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंब लॉरेन्स नावाच्या गावात स्थायिक झालं. आईने कॅन्सस सिटीच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, पुढे युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर सायन्स विभागात काम केलं.

लॉरेन्स म्हणजे बास्केटबॉलचं पंढरपूर म्हणा. ज्यांनी हा खेळ शोधला त्या जेम्स नेस्मिथ यांनीच तिथल्या युनिव्हर्सिटीची टीम सुरू केली. आणि श्रीनिवासन लॉरेन्स हायस्कूलच्या टीममध्ये ज्याच्यासोबत खेळले तो डॅनी मॅनिंग पुढे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या नंबरवर गेला. १९७०-८० च्या कॅन्ससमध्ये एक तमिळ पोरगा शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये, हे चित्र मला त्यांच्या डिग्र्यांपेक्षा जास्त सांगून जातं.

३. जन्म भारतात, मग अमेरिकेत जज कसे झाले? राष्ट्राध्यक्ष तर होता येत नाही ना?

राष्ट्राध्यक्ष व्हायला जन्मतः नागरिक असावं लागतं, ती अट घटनेत लिहिलेली आहे. फेडरल जजसाठी मात्र घटनेत कसलीच अट नाही. जन्म नाही, वय नाही, अगदी लॉची डिग्रीसुद्धा नाही. राष्ट्राध्यक्ष नाव देतात, सिनेट मत देते, झालं. आपल्याकडे हायकोर्टाचा जज व्हायला भारताचा नागरिक आणि दहा वर्षं वकिली किंवा दहा वर्षं न्यायिक पद हे घटनेतच आहे, म्हणून आपल्याला हे ऐकून धक्का बसतो. अर्थात प्रत्यक्षात अनुभव नसलेल्या माणसाचं नाव पुढे जातच नाही.

४. हे कोर्ट म्हणजे आपलं हायकोर्ट समजायचं का?

साधारण समजायला चालेल, पण दोन मोठे फरक आहेत. एक, मुंबई हायकोर्टात ओरिजिनल साइड (दावे थेट तिथेच चालतात) आणि अपेलेट साइड (खालच्या निकालांवरची अपिलं) दोन्ही आहेत, इथे साक्षीदार, उलटतपासणी वगैरे काही नाही, जवळजवळ सगळं अपील किंवा सरकारी आदेशाला आव्हान. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. अमेरिकेत फेडरल अपील कोर्टं एकूण १३, त्यांना सर्किट म्हणतात, आणि त्यातलं श्रीनिवासन यांचं डीसी सर्किट आकाराने सगळ्यात छोट्या भागाचं, फक्त राजधानीचं, जजच्या जागा ११. पण केंद्र सरकारची सगळी खाती, नियामक मंडळं तिथेच, त्यामुळे हवा किती स्वच्छ ठेवायची, इंटरनेट कंपन्यांवर बंधनं घालायची का, अशा नियमांना आव्हान द्यायचं तर बऱ्याचदा इथेच यावं लागतं आणि काही कायद्यांत तर दुसरीकडे जायची सोयच नाही. सुप्रीम कोर्टाच्या सध्याच्या नऊ जजपैकी चार (रॉबर्ट्स, थॉमस, कॅव्हनॉ, जॅक्सन) याच कोर्टातून वर गेलेले. लोक याला देशातलं दोन नंबरचं कोर्ट म्हणतात ते उगाच नाही.

५. अपील जज दिवसभर करतात तरी काय? साक्षी नाहीत, ज्युरी नाही.

वाचतात! खरंच, मुख्य काम वाचनाचं. प्रत्येक केसला तीन जजचं बेंच, खालच्या कोर्टाचं किंवा खात्याचं रेकॉर्ड आधीच आलेलं, दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद आलेले, ते पालथे घालायचे. तोंडी युक्तिवाद फार थोडा वेळ, आपल्याकडे एखादं मॅटर चार-चार दिवस चालतं तसं नाही, कित्येकदा एकेका बाजूला पंधरा मिनिटं, त्यातही जज मध्येमध्ये प्रश्न विचारणार. श्रीनिवासन यांचे प्रश्न ऐकण्यासारखे असतात, आवाज कधी चढत नाही, "समजा असं झालं तर?" म्हणून एक उदाहरण देतात आणि मग तेच उदाहरण थोडंथोडं बदलत नेतात आणि वकिलाला कळतं की आपली बाजू नेमकी कुठे लंगडी आहे. नंतर तिघांपैकी एकजण निकाल लिहितो, बाकीचे सही करतात किंवा वेगळं मत लिहितात.

६. शिक्षण आणि वकिली कुठे झाली?

स्टॅनफर्ड. १९८९ ला बीए, १९९५ ला तिथूनच लॉ आणि एमबीए एकत्र. मग दोन जजकडे क्लर्क (प्रश्न ७), मग ओमेल्व्हनी अँड मायर्स ही मोठी फर्म, मग २००२ ते २००७ सॉलिसिटर जनरलचं ऑफिस, म्हणजे केंद्र सरकारच्या वतीने सुप्रीम कोर्टात उभं राहणारी टीम, परत फर्म, परत २०११ मध्ये सरकारकडे, यावेळी त्या ऑफिसात दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर. जज व्हायच्या आधी सुप्रीम कोर्टात २५ केसेस स्वतः लढवलेल्या. तिथे अख्ख्या वर्षात सुनावणीला येतात साठ-सत्तर केसेस, त्यामुळे हा आकडा प्रचंड आहे. बुश आणि ओबामा, दोघांच्या काळात ते सरकारचे वकील होते हे लक्षात ठेवा, प्रश्न ९ मध्ये त्याचा उपयोग आहे.

७. "क्लर्क" होते म्हणजे कारकून होते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय. नाही हो, लॉ क्लर्क म्हणजे जजचा संशोधन सहाय्यक, लॉ स्कूलमधून नुकतेच बाहेर पडलेले अगदी हुशार विद्यार्थी साधारण एक वर्षासाठी घेतात, केसचा अभ्यास करून टिपण देणं, निकालाचा मसुदा तपासणं ही कामं. श्रीनिवासन आधी फोर्थ सर्किट या दुसऱ्या एका फेडरल अपील कोर्टात जज हार्वी विल्किन्सन यांच्याकडे होते (१९९५-९६) आणि नंतर सुप्रीम कोर्टात सँड्रा डे ओकॉनर यांच्याकडे (१९९७-९८). दोघांनाही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेलं. आणि १९९५-९६ मध्येच त्याच फोर्थ सर्किटमध्ये दुसऱ्या एका जजकडे क्लर्क होते टेड क्रूझ, हो तेच, पुढे टेक्सासचे सिनेटर झालेले. त्यांची जुनी मैत्री.

८. एक्झॉन आणि एन्रॉनवाल्यांचे वकील होते असं वाचलं. मग हे गरिबांच्या बाजूने निकाल देणार का?

वाचलेलं खरं आहे. एन्रॉन हे नाव आपल्या वाचकांना दाभोळमुळे चांगलंच ठाऊक, त्याच एन्रॉनचे माजी सीईओ जेफ्री स्किलिंग यांच्या वतीने श्रीनिवासन २०१० मध्ये सुप्रीम कोर्टात उभे राहिले. केस दाभोळची नव्हती, अमेरिकेतल्या फसवणुकीची होती. कोर्टाने कायद्यातलं एक ढोबळ कलम आकसून लाच आणि कमिशनपुरतं केलं, त्या मुद्द्यावर ते जिंकले, ट्रायल ह्यूस्टनबाहेर हवी होती हा मुद्दा हरले. एक्झॉन या तेल कंपनीची बाजू त्यांनी इंडोनेशियाच्या आचे भागातल्या गावकऱ्यांनी केलेल्या दाव्यात मांडली होती आणि त्यावरून नेमणुकीच्या वेळी काही पुरोगामी संघटनांनी आक्षेपही घेतला.

माझं मत सांगतो. वकिलाचा अशील म्हणजे वकिलाचं मत नाही हे आम्ही कोर्टातले लोक रोज जगतो. आणि जज कुणाच्या "बाजूने" निकाल देईल हा प्रश्नच मला पटत नाही, त्याने कारणं काय दिली ते बघा. प्रश्न ११ मधली, म्हाताऱ्या माणसांना घरी सांभाळणाऱ्या बायकांची केस वाचा, मग ठरवा.

९. सिनेटमध्ये ९७-० कसं काय? तिथे तर एकमेकांची तोंडं बघत नाहीत.

२३ मे २०१३, त्यांच्या जजपदाच्या नेमणुकीवर मतदान, ९७ विरुद्ध शून्य. सहज झालं असं मात्र नाही. ओबामांनी नाव दिलं जून २०१२ ला, त्या वर्षी काहीच हललं नाही, जानेवारी २०१३ ला परत नाव द्यावं लागलं. या कोर्टात २००६ मध्ये कॅव्हनॉ आले त्यानंतर सात वर्षं एकही नवीन जज मंजूर झाला नव्हता, ओबामांच्याच आधीच्या उमेदवार केटलिन हॅलिगन यांचं नाव रिपब्लिकनांनी अडवून धरलं, शेवटी त्यांनी माघार घेतली. मग श्रीनिवासन कसे निघाले? एक तर दोन्ही पक्षांच्या सरकारांत काम (प्रश्न ६), दोन्ही बाजूंच्या माजी सॉलिसिटर जनरल मंडळींनी लेखी पाठिंबा दिला, आणि सुनावणीत एकही वाक्य असं नव्हतं ज्याचा कुणी वाद करावा. बाकी त्या काळात हे कोर्ट भरायचं की नाही यावरच दोन पक्षांत जुंपलेली होती आणि त्याच वर्षी पुढच्या तीन नेमणुका करायला सिनेटला स्वतःचे नियमच बदलावे लागले. म्हणजे दार अगदी थोडा वेळ किलकिलं झालं होतं आणि तेवढ्यात हे आत गेले.

१०. गीतेवर शपथ घेतली हे खरं की तोही फॉरवर्ड?

हे खरं आहे. २६ सप्टेंबर २०१३ चा समारंभ, शपथ दिली त्यांच्याच जुन्या बॉस जस्टिस ओकॉनर यांनी आणि भगवद्गीता हातात धरून शेजारी उभी होती त्यांची आई. कायद्याने कुठलाही ग्रंथ लागत नाही, बायबलही नाही, ज्याची त्याची इच्छा. सुप्रीम कोर्टाची पहिली महिला जज, हातात गीता घेतलेली आई आणि मधे मुलगा, एवढं डोळ्यासमोर आणलं तरी मला भरून येतं.

११. त्यांचे महत्त्वाचे निकाल कोणते?

बरेच आहेत, मी एकावर जास्त लिहिणार आहे कारण तो आपल्या लोकांच्या घरातला विषय आहे.

न्यू जर्सीत, एडिसनला, कितीतरी मराठी घरांत आजी-आजोबांना सांभाळायला एजन्सीकडून बाई येते. अंघोळ घालते, औषधं देते, जेवण भरवते. अशा कामगारांना अमेरिकेत कित्येक वर्षं किमान वेतन आणि ओव्हरटाइम कायद्याने मिळत नव्हता, कारण १९७४ च्या दुरुस्तीत "सोबतीला बसणाऱ्यांना" सूट ठेवली होती, म्हणजे शेजारचं कुणी येऊन म्हाताऱ्या माणसाजवळ बसतं तसं काहीतरी डोळ्यासमोर होतं, आणि ती सूट एजन्सीच्या पूर्णवेळ कामगारांनाही लागू होत राहिली. एव्हलिन कोक नावाची जमैकाहून आलेली बाई ओव्हरटाइमसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २००७ मध्ये सगळ्या नऊ जजनी तिच्या विरोधात निकाल दिला. कारण काय? एजन्सीवाल्यांना सूट द्यायची की नाही हे ठरवायचा अधिकार संसदेने कामगार खात्याला दिलाय आणि खात्याने सूट दिली आहे.

२०१३ मध्ये खात्याने नियम उलटा केला, एजन्सीला सूट नाही. एजन्सीवाले कोर्टात गेले, खालच्या कोर्टात जिंकले. अपील श्रीनिवासन यांच्या बेंचपुढे आलं आणि २१ ऑगस्ट २०१५ ला त्यांनी निकाल लिहिला, तिन्ही जज एकमत. तर्क बघा किती साधा: कोक हरली कारण ठरवायचा अधिकार खात्याचा होता, मग आता त्याच खात्याने त्याच अधिकारात कामगारांच्या बाजूने ठरवलं तर ते बेकायदा कसं? जवळपास वीस लाख कामगारांचा प्रश्न. जिच्या हरलेल्या केसमधून ही वाट निघाली ती कोक २००९ मध्येच वारली होती. हा निकाल मी ज्युनियरना आवर्जून वाचायला देतो, हरलेल्या निकालातलं कारण कसं जपून ठेवायचं ते शिकायला.

दुसरा, १४ जून २०१६ चा नेट न्यूट्रॅलिटीचा. जज टेटल यांच्यासोबत लिहिलेला, इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या वेबसाइटना सारखं वागवावं हा सरकारी नियम कायम ठेवला. निकाल २-१. तिसरा हॉज याचा, तो शेवटच्या प्रश्नात घेतलाय. ट्रम्प यांच्या केसचं प्रश्न १३ मध्ये.

१२. सुप्रीम कोर्टाने त्यांना कधी उलटं पाडलं का?

हो, आणि फार मोठ्या केसमध्ये. हेरिंग मासे पकडणाऱ्या बोटींवर सरकारचा निरीक्षक बसणार आणि त्याचा खर्च, दिवसाला ७१० डॉलरपर्यंत, बोटीच्या मालकानेच द्यायचा असा नियम आला. न्यू जर्सीच्या मच्छीमारांनी आव्हान दिलं. (आपल्या कोकणातल्या ट्रॉलरवाल्यांना विचारा दिवसाला एवढा जादा खर्च म्हणजे काय.) २०२२ मध्ये डीसी सर्किटने २-१ ने नियम कायम ठेवला, निकाल जज रॉजर्स यांचा, श्रीनिवासन त्यांच्यासोबत. आधार १९८४ चा शेव्हरॉन सिद्धांत, म्हणजे कायदा संदिग्ध असेल तर खात्याने लावलेला वाजवी अर्थ कोर्टाने मान्य करायचा.

२८ जून २०२४ ला सुप्रीम कोर्टाने हा निकाल तर फिरवलाच, पण ४० वर्षं चाललेला शेव्हरॉन सिद्धांतच रद्द केला. पुढे २ जानेवारी २०२५ ला दुसऱ्या एका सर्किटने याच आधारावर नेट न्यूट्रॅलिटीचा नवा नियम पाडला. म्हणजे श्रीनिवासन यांच्या गाजलेल्या कामाच्या पायाखालची जमीनच सरकली म्हणायला हरकत नाही. यात त्यांची चूक होती का? माझ्या मते नाही. सुप्रीम कोर्टाचा नियम जोवर जिवंत आहे तोवर खालच्या जजला तो पाळावाच लागतो, आवडो न आवडो, अपील जजचं जगणंच तसं आहे.

१३. ट्रम्प यांच्या विरोधात निकाल दिला होता ना?

१ डिसेंबर २०२३, ब्लासिंगेम केस. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प समर्थक कॅपिटलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनात घुसले, त्या दंग्यात जखमी झालेल्या कॅपिटल पोलिसांनी आणि काही खासदारांनी नुकसानभरपाईचे दिवाणी दावे लावले, ट्रम्प म्हणाले मी तेव्हा राष्ट्राध्यक्ष होतो, माझ्यावर दावा चालत नाही. श्रीनिवासन यांनी लिहिलं की पदावर असलेला माणूस म्हणून केलेलं काम वेगळं आणि पद परत मिळावं म्हणून उमेदवार म्हणून केलेलं काम वेगळं, दुसऱ्याला संरक्षण नाही. पण "ट्रम्प दोषी" असं कुठेही म्हटलेलं नाही, दावा सुरुवातीलाच फेटाळता येणार नाही एवढंच, आणि पुढे पुरावा देऊन संरक्षण मागायची मुभा ठेवली. बेंचवरचे ट्रम्पनियुक्त जज कॅट्सास हेही निकालाशी सहमत होते, हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही.

१४. चीफ जज कोण नेमतं? त्यांच्यापेक्षा सीनियर जज होते की.

कुणीच नेमत नाही, कायद्यात हिशोब ठरलाय. पद रिकामं होईल तेव्हा ६५ च्या आतले, किमान एक वर्ष काम केलेले जे जज असतील त्यांच्यातला सगळ्यात सीनियर. मुदत सात वर्षं आणि सत्तरी ओलांडली की थांबायचं. २०२० मध्ये आधीचे चीफ जज मेरिक गार्लंड यांची मुदत संपली तेव्हा हेंडरसन, रॉजर्स, टेटल, ग्रिफिथ सगळे सीनियर होते पण पासष्टीला पोचलेले, म्हणून ५२ वर्षांच्या श्रीनिवासन यांचा नंबर लागला. चीफ झाल्याने निकालात त्यांचं मत दोन मतांएवढं होत नाही, प्रशासनाचं काम मात्र वाढतं.

१५. सुप्रीम कोर्टात का नाही गेले?

२०१६ मध्ये जस्टिस स्कालिया वारले तेव्हा नाव अगदी शेवटच्या यादीत होतं, ओबामांनी गार्लंड यांना निवडलं आणि सिनेटने गार्लंड यांची साधी सुनावणीसुद्धा घेतली नाही. २०२२ मध्ये बायडन यांनी केतांजी ब्राउन जॅक्सन यांना निवडलं, त्या तेव्हा श्रीनिवासन यांच्याच कोर्टात जज होत्या. योग्यता कमी पडली असं मला अजिबात वाटत नाही, जागा कधी रिकामी होते आणि तेव्हा सिनेट कुणाकडे आहे हे कुणाच्याच हातात नसतं.

१६. मग नेओमी राव, अमूल थापर हे पण इमिग्रंट जज ना? पहिलं कोण?

इथे दोन गोष्टी मिसळतात. फेडरल अपील कोर्टातले दक्षिण आशियाई वंशाचे पहिले जज श्रीनिवासन. थापर (सिक्स्थ सर्किट, २०१७) आणि राव (डीसी सर्किट, २०१९) दोघांचा जन्म मिशिगनचा, म्हणजे ते इमिग्रंटांची मुलं, स्वतः इमिग्रंट नाहीत. राव यांचे आईवडील भारतातून गेलेले पारशी डॉक्टर, आडनाव बघून लोक भलतेच अंदाज बांधतात.

आणि स्वतः देश सोडून आलेल्यांमध्ये जॅकलिन विन यांचं नाव घेतलंच पाहिजे, नाइन्थ सर्किट, २०१२. व्हिएतनाममध्ये जन्म, १९७५ मध्ये दहाव्या वर्षी निर्वासित म्हणून आल्या, सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या लष्करी तळावरच्या तंबूत राहिल्या, पुढे आईवडिलांच्या डोनटच्या दुकानात काम करत शिकल्या. प्रोफेसरच्या घरातून येणं आणि तंबूतून येणं यात फरक आहे आणि तो मान्य करायला हवा. "इमिग्रंट" हा एकच शब्द दोघांना लावतो आपण.

१७. माझी मुलगी पुण्यात एलएलबी करतेय. तिला या वाटेने जाता येईल का?

वकील होता येईल. न्यूयॉर्कसारख्या राज्यात भारतीय डिग्रीवर, बहुतेक वेळा तिथला एलएलएम करून, अटी पूर्ण केल्या तर बारची परीक्षा देता येते. फेडरल जजकडे क्लर्क होणं अवघड, कारण सरकारी पगारासाठी नागरिकत्वाच्या अटी आड येतात आणि जज शक्यतो तिथल्या तीन वर्षांच्या लॉ डिग्रीवाल्यांनाच घेतात. श्रीनिवासन लहानपणी गेले, शाळेपासून सगळं तिथलंच, त्यांच्याशी तुलना करून मुलीवर ओझं टाकू नका. तिला अपिलांची आवड असेल तर इथे मुंबई, नागपूर, संभाजीनगर, पणजी आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही बेंच आहे, एखाद्या अपील करणाऱ्या सीनियरच्या चेंबरमध्ये दोन वर्षं बसू द्या.

१८. त्यांचे निकाल फुकट वाचायला मिळतात का? कायद्याचं शिक्षण नाही, कळेल का?

मिळतात, कोर्टाच्या वेबसाइटवर सगळे निकाल फुकट, आणि युक्तिवादांचा आवाजही ऐकायला मिळतो. सुरुवात करायची तर २८ ऑगस्ट २०१५ चा हॉज विरुद्ध टॉकिन घ्या. जानेवारी २०११, हॅरल्ड हॉज नावाचा माणूस सुप्रीम कोर्टाच्या इमारतीसमोरच्या संगमरवरी चौकात गळ्यात फलक अडकवून एकटा उभा राहिला, पोलिसांच्या अत्याचाराविरुद्ध. तीनदा सांगूनही हलला नाही, अटक झाली. त्या चौकात निदर्शनं करायला बंदी करणारा जुना कायदा आहे. खालच्या कोर्टाने तो रद्द केला, श्रीनिवासन यांनी परत उभा केला. कारण चौक हा न्यायालयाच्या दाराचाच भाग आहे, आणि जज रस्त्यावरच्या घोषणांकडे बघून निकाल देतात असं दिसूही नये.

मला हा निकाल पूर्ण पटलेला नाही, एकटा माणूस, गळ्यात फलक, त्याने कुणाचा काय दबाव येणार. पण वाचताना ती जागा अख्खी डोळ्यासमोर उभी राहते. खाली फुटपाथ, तिथे निदर्शनं करायला १९८३ पासून पूर्ण परवानगी, मग थोड्या पायऱ्या, मग चौक, तिथे बंदी. हॉज तेवढ्या पायऱ्या खाली उतरून उभा राहिला असता तर केसच झाली नसती.